इनबॉक्समधला माजी गृहस्थ

मनुष्य क्षणोक्षणी बदलत असतो, ही गोष्ट बौद्ध तत्त्ववेत्त्यांना फार पूर्वी, विमा कंपन्यांना त्यानंतर पुष्कळ काळाने आणि विपणन खात्यातील मंडळींना अगदी अलीकडे उमगली. परंतु पहिल्या दोघांनी त्या ज्ञानाला अनुसरून आपले वर्तन बेतले, तर तिसऱ्यांनी ते ज्ञान संगणकात साठवून ठेवले आणि वर्तन पूर्ववत चालू ठेवले. ग्राहकाने लग्न केव्हा केले, बिऱ्हाड केव्हा हलवले आणि पाळण्याची चौकशी केव्हा आरंभली, याचा बारीकसारीक तपशील ज्या कंपनीच्या दप्तरी दाखल असतो, तिच्याच अ‍ॅपमधला इनबॉक्स एखाद्या निवांत दुपारी उघडून पाहावा, तो तेथे दीड वर्षापूर्वीचे आपण अजून ठाण मांडून बसलेलो असतो. हे गृहस्थ अविवाहित आहेत, भाड्याच्या खोलीत राहतात, प्रेशर कुकर कार्टमध्ये ठेवून विसरले आहेत, आणि गणपतीच्या आरासीची 'शेवटची संधी' त्यांच्यापुढे हात जोडून उभी आहे. इकडे प्रत्यक्षातले गृहस्थ चतुर्भुज होऊन, गृहकर्जाचे हप्ते सुरू करून, तोच कुकर कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानातून आणून त्याची रिंगदेखील एकदा बदलून मोकळे झालेले असतात.

हे माजी गृहस्थ तेथे मुक्कामाला कसे राहिले आणि त्यांची सन्मानपूर्वक पाठवणी कशी करावी, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. संदेश धाडण्याचे शास्त्र आज जितके प्रौढ झाले आहे, तितकेच धाडलेला संदेश परत घेण्याचे शास्त्र अद्याप रांगते आहे. आणि या दोहोंच्या वयांतील तफावत ग्राहकाला भरून द्यावी लागते.

पूर्वी यादी ही यादी असे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीच्या गॅरी थ्युर्क नामक विपणन अधिकाऱ्याने ३ मे १९७८ रोजी आर्पानेटवरील सुमारे ४०० लोकांना आपल्या नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे आमंत्रण एकगठ्ठा पाठवले, आणि अनाहूत जाहिरातींच्या घराण्याचा मूळपुरुष होण्याचा मान मिळवला. त्या वेळी ती नावे एकेक करून टंकलेली होती. पत्त्यांसाठी राखलेली जागा अपुरी पडून शेष पत्ते मजकुरात सांडले, लोक संतापले, आणि विषय तेथे संपला. यादीत जो होता तो होता, नव्हता तो नव्हता. सांप्रतची यादी मात्र नावांची नसून लक्षणांची असते. 'पुण्यात राहणारे, एकदा तरी खरेदी केलेले, आणि गेल्या तीस दिवसांत अ‍ॅप न उघडलेले' असे लक्षण एकदा बांधून दिले, की त्यात जे जे बसतील त्यांचा एक वर्ग आपोआप तयार होतो, ज्याला त्या धंद्यातले लोक सेगमेंट किंवा ऑडियन्स म्हणतात. आणि माणसे त्या वर्गात, आपल्याला कोणी आत घेतले व कोणी बाहेर काढले याचा मागमूसही नसताना, ये-जा करीत राहतात.

या चल यादीमुळे एक तात्त्विक पेच उत्पन्न झाला, आणि तत्त्वज्ञानाच्या शिरस्त्याप्रमाणे त्याचे दोन पंथही पडले. पहिल्या पंथाचे म्हणणे असे, की मोहीम ज्या घटकेला निघाली त्या घटकेची यादी प्रमाण मानावी. त्या क्षणी ज्याच्या नावे संदेश पडला, तो त्याच्या इनबॉक्समध्ये मुदत संपेपर्यंत राहावा, मग तो मनुष्य मधल्या काळात अविवाहिताचा विवाहित झालेला असो की ग्राहकाचा प्रतिस्पर्धी झालेला असो. दुसरा पंथ म्हणतो, की ज्या क्षणी तो पेटी उघडील त्या क्षणीची पात्रता प्रमाण; पात्र असल्यास संदेश दिसावा, नसल्यास तो तेथे कधी नव्हताच असे समजावे. पहिल्या पंथाचा दोष असा, की त्याच्या पेटीत शिळे साचते. दुसऱ्याचा दोष असा, की त्याच्या पेटीतले ताजेही हातातोंडाशी येऊन नाहीसे होते. शिवाय मुदत घालण्याचा रकाना दोन्ही पंथांत ऐच्छिक असल्यामुळे, आणि ऐच्छिक रकाना भरणारा मनुष्य कोणत्याच कचेरीत अद्याप जन्मास न आल्यामुळे, पहिल्या पंथाचे संदेश बहुधा अमर होतात.

या वादातील सर्वांत रमणीय उदाहरण म्हणजे 'आम्हांला आपली आठवण येते' हा संदेश. जो ग्राहक बरेच दिवस फिरकला नाही, त्याला परत बोलावण्यासाठी हा योजलेला असतो, आणि तो बाहेरच्या टपालाने न पाठवता अ‍ॅपच्या पोटातील इनबॉक्समध्ये ठेवण्यात येतो. म्हणजे 'आपण आला नाहीत' ही तक्रार वाचण्यासाठी ग्राहकाने आधी यावे लागते, आणि तो आला, की तक्रारीचे कारणच उरत नाही. ज्याच्यासाठी ती लिहिली तो ती वाचू शकत नाही, आणि जो वाचतो त्याच्यासाठी ती लिहिलेली नसते. एवढा निर्भेळ अनर्थ एकाच वाक्यात साधणे हे एरवी वेदान्ताच्या सभेतही दुष्कर ठरले असते.

आमच्या शेजारी महसूल खात्यातून निवृत्त झालेले एक अव्वल कारकून राहतात. त्यांनी हयातभर जावक-आवकाची बारनिशी सांभाळलेली असल्यामुळे, कागद आला म्हणजे आला आणि गेला म्हणजे गेला, यावर त्यांची वज्रलेप श्रद्धा आहे. एके दिवशी त्यांनी बऱ्याच अवधीनंतर एका खरेदीच्या अ‍ॅपमध्ये प्रवेश केला, तो इनबॉक्सवर लाल ठिपका. आत, त्यांची आठवण येत असल्याचे निवेदन आणि छताच्या पंख्यांवर वीस टक्के सवलत. त्यांनी काकूंना हाक मारली. काकू स्वयंपाकघरात पुरण वाटत होत्या. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले, फ्रीजवर ठेवलेला चष्मा शोधला, तो देवघरात सापडला, आणि त्या बाहेर येईपर्यंत अव्वल कारकुनांनी वेळेचा सदुपयोग म्हणून चार-सहा पंखे पाहून ठेवले. मग सवलत दाखवावी म्हणून ते इनबॉक्समध्ये परतले, तो पेटी स्वच्छ. ठिपका नाही, आठवण नाही, वीस टक्केही नाहीत. काकू एवढेच म्हणाल्या, "पुरण गार होतंय," आणि आत गेल्या. परंतु चाळीस वर्षांच्या संसारात आपल्या शब्दाविषयी प्रथमच संशय घेतला गेला, असे अव्वल कारकुनांच्या मनाने घेतले.

त्यांनी त्याच दिवशी कंपनीला रीतसर अर्ज केला, की अमुक वाजता माझ्या इनबॉक्समध्ये दृष्टोत्पत्तीस आलेला संदेश तमुक वाजता गहाळ झाला असून त्याचा खुलासा व्हावा. उत्तर तत्परतेने आले: 'आमच्या नोंदीनुसार अशी कोणतीही सवलत आपणांस लागू नाही.' या उत्तरातील मौज अशी, की ते अक्षरशः सत्य होते. आणि अर्जही अक्षरशः सत्य होता. दोन सत्यांमध्ये फक्त चार-सहा पंख्यांचे अंतर पडले होते.

माझा भाचा हिंजवडीच्या एका कंपनीत असल्याच संदेशांची व्यवस्था पाहतो. (ही कंपनी पंखे विकत नाही, हे त्याच्या जिवाच्या सुरक्षिततेसाठी येथे नमूद केलेले बरे.) रविवारी तो आला असता अव्वल कारकुनांनी त्याला समोर बसवून घेतले.

"काका, ती ऑफर डॉर्मंट सेगमेंटला असणार," तो म्हणाला. "तुम्ही अ‍ॅप उघडलंत, पंखे बघितलेत, म्हणजे तुम्ही अ‍ॅक्टिव्ह झालात. सेगमेंटमधून बाहेर पडलात, म्हणून मेसेज निघाला."

"म्हणजे निजलेल्याला हाक मारून लाडू दाखवायचा, आणि तो उठून बसला की, आता तू निजलेला नाहीस म्हणून लाडू डब्यात ठेवायचा?"

"तसं नाही हो काका, सिस्टिमला—"

"अरे, आमच्याकडे जमिनीचा मालक बदलला तर तलाठी गाव नमुना सहामध्ये फेरफाराची नोंद धरतो, हितसंबंधितांना नोटीस काढतो, हरकतीला पंधरा दिवस ठेवतो, आणि मंडळ अधिकाऱ्यानं प्रमाणित केल्यावर मग सातबारावर नाव चढतं. तू मला एका वर्गातून काढून दुसऱ्यात टाकलंस. त्याची नोटीस कुठे?"

"काका, रात्रीत लाखो लोकांचे सेगमेंट बदलतात."

"मग तलाठी किती ठेवलेत?"

"एकही नाही. रात्री दोनला एक जॉब चालतो."

"कायम की हंगामी?"

"कायमच आहे. पण अधूनमधून बंद पडतो, आणि सकाळी कोणीतरी ओरडल्याशिवाय कळत नाही."

अव्वल कारकुनांच्या मुद्रेवर प्रथमच समाधान दिसले. एवढी अद्ययावत व्यवस्थाही अखेर आपल्याच कुळातली निघाली, याचा त्यांना मनोमन आनंद झाला असावा.

त्यानंतर भाच्याने जो खुलासा केला, त्यावरून माझ्या ध्यानात आले, की संदेशांच्या या राज्यात दोन निराळ्या जाती नांदतात आणि बहुतेक घोटाळे त्यांचा संकर झाल्यामुळे होतात. फोनच्या पडद्यावर टणकन येऊन आदळणारा संदेश, ज्याला पुश म्हणतात, हा धनुष्यातून सुटलेला बाण होय. गूगलच्या फायरबेस क्लाउड मेसेजिंगमार्फत तो निघाला आणि ग्राहकाचा फोन बंद असला, तर पाठवणाऱ्याने दुसरी मुदत घातलेली नसल्यास तो २८ दिवस, म्हणजे २४,१९,२०० सेकंद, मार्गावर तिष्ठत राहतो. त्यामुळे गावी रेंजबाहेर सुट्टी घालवून परतलेल्या मनुष्याने घाटमाथ्यावर फोन चालू करताच, पंधरवड्यापूर्वी संपलेल्या दिवशीच्या 'आज रात्री बारापर्यंतच!' या आरोळीने त्याचे स्वागत होते. उलट इनबॉक्समधला संदेश कंपनीच्याच सर्व्हरवर असतो आणि अ‍ॅप उघडल्यावर फोन त्याची प्रत मागून घेतो. त्यामुळे तो बदलता येतो, मागे घेता येतो, त्याची मुदत कमी करता येते. अट एवढीच, की फोनने पुन्हा विचारपूस केली पाहिजे. तोवर फोनच्या पोटातली जुनी प्रत हीच ग्राहकाच्या दृष्टीने खरी प्रत, आणि सर्व्हरवरील हुकूम कितीही रद्दबातल झालेला असला तरी त्याचा अंमल फोनच्या वेशीबाहेरच थांबलेला असतो.

लाल ठिपक्याचा उपसर्गही याच संकरातून उद्भवतो. संदेश येताना ठिपक्यावरचा आकडा एकाने वाढतो. संदेश परत घेताना तो आकडा एकाने कमी करावा, ही गोष्ट मात्र संदेश परत घेणाऱ्याच्या कामाच्या यादीत बहुधा नसते. मग ठिपका म्हणतो, तीन पत्रे आली आहेत. पेटी म्हणते, एकही नाही. आणि सत्प्रवृत्त मनुष्य अ‍ॅप बंद करून उघडतो, फोन बंद करून उघडतो, शेवटी घरातल्या सर्वांत लहान मुलाला बोलावतो. ते मूल तो ठिपका पाहून, "असू दे आजोबा, त्याला काही अर्थ नसतो," असे सांगून खेळायला निघून जाते. ज्या चिन्हाचा सारा अर्थ 'इकडे लक्ष द्या' एवढाच होता, त्याला काही अर्थ नसतो हे सहा वर्षांच्या पोराला कळावे, यापेक्षा विपणनशास्त्राचा मोठा पराभव कोणता?

आता न्यायाने पाहू गेल्यास, मनुष्य एका वर्गातून दुसऱ्यात जातो याची कारणे एक प्रकारची नसतात, आणि सर्वांना एकच कायदा लावणे हेच पुष्कळशा अनर्थाचे मूळ आहे. कधी ग्राहकाने, आपण सांगितलेली गोष्ट केलेली असते. कुकर घेतलेला असतो. तेथे आर्जवाचा संदेश तत्काळ उचलून घेणे हा शिष्टाचार होय, कारण घेतलेल्या वस्तूचा तगादा लावणे हे सावकारालाही शोभत नाही. कधी ग्राहक जसाच्या तसा असतो, पण कंपनीत नवा अधिकारी येतो आणि लक्षणच बदलतो. काल रात्रीपर्यंत 'विशेष सन्माननीय' असलेला इसम, घरात निजलेला असतानाच, पहाटे 'सामान्य' होऊन उठतो. संस्थानिकांचे तनखे १९७१ मध्ये बंद झाले ते निदान घटनादुरुस्ती करून. याची बरतर्फी एका रकान्यातल्या आकड्याने होते, आणि सन्मानाचे आमंत्रणपत्र मात्र इनबॉक्समध्ये तसेच लटकत राहून त्याला दाराशी अपमान करून घ्यायला बोलावीत राहते. कधी ग्राहक स्वतः संमती मागे घेतो. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने तत्त्व घालून दिले आहे, की संमती देणे जितके सुलभ, तितकेच ती काढून घेणेही सुलभ असावे. पण 'यापुढे पाठवू नका' म्हणणाऱ्याला पुढचे पाठवणे थांबवले आणि मागचे दहा तसेच ठेवले, तर कायद्याचे अक्षर पाळले गेले की नाही हे वकील पाहतील, त्या मनुष्याचे म्हणणे मात्र कोणी ऐकलेले नसते.

आणि कधी घरात असे काही घडते, की ज्याचा थट्टेशी संबंध नसावा. ज्या पाळण्याची चौकशी झाली होती तो पाळणा घेण्याची वेळ येत नाही. त्या घरातील स्त्रीने कोणत्याही रकान्यात काही भरलेले नसते, आणि भरावे अशी अपेक्षा करणेही क्रौर्य होय. गणकयंत्र आपल्या हिशेबाने महिने मोजीत दर महिन्याला एक अभिनंदन पेटीत टाकीत जाते. अशा पेटीला 'हा विषय पुन्हा नको' एवढे एकच बटण असावे, त्यामागे कारण विचारणारी प्रश्नावली नसावी, आणि ते दाबताच त्या विषयाचे मागचे-पुढचे सर्व संदेश निघून जावेत, ही व्यवस्था करायला कोणतेही नवे शास्त्र लागत नाही. ती करायचे कोणाला तरी सुचावे लागते.

सरकारने या प्रांतात लक्ष घातलेले नाही असे नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनी एसएमएस व व्यापारी फोन यांना वेसण घातली, आणि आता एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावापुढे जाहिरातीला 'पी', सेवेला 'एस', व्यवहाराला 'टी' आणि सरकारी निरोपाला 'जी' अशी अक्षरे लागू लागल्यामुळे निदान जात तरी कळते. परंतु अ‍ॅपच्या पोटातली पेटी त्या हद्दीच्या बाहेर पडते, आणि तेथे विजेच्या बिलाची पावती व चपलांचा सेल एकाच पंक्तीला बसतात. ग्राहक संरक्षणाच्या बाजूने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या रचनांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित झाली, त्यांतील तेरा प्रकारांच्या यादीत पहिला मान खोट्या निकडीला आहे. मुदत न घातलेल्या इनबॉक्समध्ये ही खोटी निकड कोणाच्याही दुष्ट हेतूवाचून उत्पन्न होते: श्रावणातली 'अंतिम संधी', भाद्रपदातली 'खरोखरच अंतिम संधी' आणि दिवाळीतली 'आता मात्र अंतिम संधी' एकाखाली एक अशा नांदतात, की वाचणाऱ्याला त्या कंपनीच्या भवितव्याविषयीच काळजी वाटावी.

हे सर्व ऐकून अव्वल कारकुनांनी पाठकोऱ्या कागदावर एक मसुदा केला. त्यांच्या खात्यात कागदांचे वर्ग असत: 'अ' वर्ग कायम जतन, 'ब' वर्ग तीस वर्षे, 'क' वर्ग दहा, आणि 'ड' वर्ग एका वर्षाने नष्ट, त्याच चालीवर त्यांनी इनबॉक्सची वासलात लावली. पावत्या, परताव्याचे निरोप आणि तक्रारींची उत्तरे ही ग्राहकाची मालमत्ता. त्याचा वर्ग बदलला, लक्षण बदलले, किंवा साहेब बदलला, तरी त्यांस कोणी हात लावू नये. सवलतीच्या प्रत्येक संदेशास मुदत असलीच पाहिजे; मुदतीचा रकाना रिकामा असल्यास जावक क्रमांक देऊ नये. न वाचलेला संदेश अपात्रतेमुळे मागे घ्यायचा असल्यास खुशाल घ्यावा, मात्र त्याबरोबर ठिपक्याचा आकडाही उतरवावा. वाचलेला संदेश परस्पर गायब करू नये. त्यावर 'मुदत संपली' किंवा 'आपण ही वस्तू घेतली आहे' असा शेरा मारून तो काही दिवस तसाच ठेवावा, जेणेकरून गृहस्थाश्रमात कलह माजणार नाही. आणि एकदा दाखवलेली सवलत, ग्राहक दाखवल्यामुळेच जागा झाला या कारणास्तव, काढून घेऊ नये. ती कोणाला दाखवायची ते पाठवताना ठरवावे, आणि दाखवल्यावर दिलेली मुदत पाळावी.

मसुदा वाचून भाचा बराच वेळ गप्प बसला. "काका," तो शेवटी म्हणाला, "यातलं सगळं सिस्टिममध्ये आत्ताही करता येतं. एक्सपायरी आहे, विथड्रॉ आहे, एक्झिट कंडिशन आहे. पण आमच्या टीमचं टार्गेट किती मेसेज पाठवले यावर असतं. किती परत घेतले याचा रकानाच नाही."

सगळ्या प्रकरणाचे मर्म मला याच वाक्यात सापडले. जावक वाढवणाऱ्याला बढती आहे, आवक वाढवणाऱ्याला बक्षीस आहे. पाठवलेला कागद कामाचा उरला नाही म्हणून अदबीने उचलून आणणाऱ्यासाठी मात्र कोणत्याही कंपनीच्या आस्थापनेवर जागा मंजूर नाही, आणि जोपर्यंत ती होत नाही तोपर्यंत आपल्या सर्वांच्या पेट्यांत आपापले माजी गृहस्थ कुकरची वाट पाहत बसून राहणार.

तथापि भाचा गुणी आहे. त्याने तो मसुदा मराठीचा इंग्रजी करून आपल्या वरिष्ठांपुढे ठेवला, आणि आश्चर्याची गोष्ट अशी, की पुढच्याच महिन्यात बहुतेक कलमे मंजूर झाली. मुदत सक्तीची झाली, ठिपक्याचा हिशेब लागला, पावत्या सुरक्षित झाल्या. एकच कलम नामंजूर झाले. 'आम्हांला आपली आठवण येते' या संदेशास मुदत घालण्यास विपणनप्रमुखांनी साफ नकार दिला; आपुलकीला मुदत घालणे कंपनीच्या धोरणात बसत नाही, असा त्यांचा शेरा पडला. भाच्याने संकोचत हे वर्तमान सांगितले, तेव्हा अव्वल कारकुनांनी मसुदा मागून घेतला, चष्मा पुसला, आणि त्या कलमासमोर समासात बारीक अक्षरात लिहिले: 'आपुलकी "अ" वर्गात घ्यावी. कायम जतन. तपासणीच्या वेळी सादर करावी.'